खिडकीत ठेवलेला माइक

सोलापूर,
श्रावणी सोमवार, १९७८

तीर्थस्वरूप गुरुबसप्पामामांच्या पायांशी भाची दाक्षायणीचा वाकून नमस्कार.

(वाकायला वेगळे कष्ट पडले नाहीत. कॉलेजचा टेपरेकॉर्डर खांद्याला लावून हिंडायला लागल्यापासून मी उजवीकडे वाकलेलीच असते. दळणाचा डबा कडेवर घेऊन निघालेली बाई दिसते ना, तशी.)

अक्कलकोटात सगळी मंडळी खुशाल असतील. रुद्राणीमामींचे गुडघे आता जिना चढू देत असतील, म्हैस दूध देत असेल, आणि मुख्य म्हणजे तुमचं पोट ठीक असेल. डॉक्टरांनी तुमचं तळलेलं बंद केलंय ना? नक्की बंद आहे ना? नाही, सहज विचारलं. मी इकडे बरी आहे. म्हणजे जेवते, झोपते, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्रसुद्धा बसून लिहिलेलं नाही. सुरुवात खोलीवर केली, तिथून उठून कॉलेजच्या पायरीवर गेले, तिथं कुणीतरी काय लिहितेस म्हणून डोकावलं तेव्हा उठून आता एस.टी. स्टँडवरच्या बाकावर आले आहे. शेजारी एक बाई कोंबडी घेऊन बसली आहे आणि कोंबडीही डोकावते आहे. तेव्हा अक्षर हललेलं दिसलं तर ते माझ्या मनामुळे की कोंबडीमुळे, याचा विचार करू नका.

आमच्या आप्पांना (तुमचे मेहुणे सिद्धाप्पा, मंद्रूपच्या रानात ज्वारी आणि माझी काळजी या दोन्हींचं पीक काढणारे) वाटतं की पत्रकारितेचा कोर्स म्हणजे पंख्याखाली टेबल, टेबलावर शाई, आणि मी मान खाली घालून लिहिते आहे. मलाही प्रवेश घेताना तसंच वाटलं होतं. पण आमचे सर मुंबईला रेडिओत काम करून आलेले. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं, कागद बाजूला ठेवा, बातमी आता कानानं गोळा करायची. रस्त्यावर जायचं, माइक पुढं करायचा, लोकांना बोलतं करायचं, आणि मग खोलीत बसून त्या बोलण्यातलं भुसकट कापून टाकायचं. हे कापणं खरोखरचं हं, मामा! टेप म्हणजे तपकिरी फीत असते, तिच्यावर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, दाढीच्या ब्लेडनं तिरकं कापायचं आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. शिंप्याच्या दुकानात मापं चुकली तर कपडा वाया जातो. इथं मापं चुकली तर माणसाचा शब्द जातो, आणि तो परत बोलायला येत नाही.

त्याआधी सरांनी माझा आवाज धुऊन काढला. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि 'आहे, नाही, कुठे, इथे' असं म्हणायला लावलं. मी 'हितं' म्हटलं की ते कपाळाला हात लावायचे. शेवटी मी अशी काही शुद्ध झाले की आता रस्त्यावर बोलते तेव्हा आत्ताच पुण्याच्या गाडीतून उतरल्यासारखी वाटते. लोकांचं बोलणं मात्र सरांना जसंच्या तसं हवं. म्हणजे लोकांनी 'न्हाय' म्हणायचं आणि मी 'नाही' म्हणायचं. हा न्याय मला अजून कळलेला नाही, पण मार्क त्यांच्या हातात आहेत.

पहिल्या दिवशी मी मंगळवार पेठेत सकाळभर हिंडले. माइक बघितला की माणसं वाट बदलत. एकानं तर लांबूनच ओरडून सांगितलं, "माझं झालंय हो मागंच, दाखला हाय!" (तो मला नसबंदीवाली समजला होता.) तरी गोड बोलून बऱ्याच जणांना बोलतं केलं. प्रश्न सरांनी ठरवून दिलेला : आजची तरुण पिढी कुठे चालली आहे? एक गृहस्थ म्हणाले, "कुटं म्हंजे? पिच्चरला." दुसऱ्यांनी तरुण पिढीवर अर्धं भाषण केलं आणि मग मलाच विचारलं की मंद्रूपची गाडी कुठून सुटते. दमून कॉलेजात आले, टेप लावली, तर नुसती खरखर. लाल बटण दाबायचंच राहिलं होतं. सरांनी खडू घेऊन त्या बटणावर फुली मारली.

दुसऱ्या खेपेला बटण दाबलं, पण कापताना घोळ झाला. धोंडीराम म्हणून एक पानवाला आहे. तो म्हणाला होता, "मी तरुण पोरास्नी नावं ठेवत न्हाय." मी पुढचा खोकला कापायला गेले आणि खोकल्याबरोबर 'न्हाय' पण कापलं गेलं. आता धोंडीराम 'नावं ठेवत' एवढ्यावर लोंबकळत होता. तो एवढासा तुकडा खाली पडलेला. मी टेबलाखाली वाकून न्हाय शोधते आहे, वर्गातली पोरं पाय वर करून बसली आहेत, आणि न्हाय काही सापडेना. शेवटी कळलं की ते सरांच्या चपलेच्या तळाला चिकटलं होतं आणि सर ते पायाखाली घेऊन प्राचार्यांकडे जाऊन आले होते. पुसून परत जोडलं. आता धोंडीरामाच्या 'न्हाय'मध्ये किंचित वाळू वाजते.

पण मामा, हे सगळं मी टाळाटाळ म्हणून सांगते आहे हे तुमच्या लक्षात आलं असेल. मूळ गोष्टीकडे येते. (कोंबडीवाली बाई गेली. मीही उठून दुसऱ्या बाकावर आले.)

गेल्या आठवड्यात मी सात रस्ता चौकात गेले. तिथं कोपऱ्यावर चहा-भज्यांचं हॉटेल आहे, त्याची खिडकी रस्त्याकडे उघडते. माइक धरून धरून माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या, म्हणून मी माइक त्या खिडकीच्या फळीवर ठेवला, मशीन खाली ठेवलं, आणि खिडकीला पाठ करून, येईल त्याला जवळ उभं करून विचारायला लागले; रस्त्याच्या गोंगाटात हॉटेलातलं काही ऐकू येत नव्हतं. तिथं मला गोजरबाई भेटल्या. डोक्यावर वांग्यांची पाटी. मी विचारलं, काकू, आजची तरुण पिढी कुठे चालली आहे असं आपल्याला वाटतं? त्या म्हणाल्या, "तरुन पिढीचं र्‍हाऊ दे गं बाई. म्हातारी पिढी कुटं गेली ते बग आदी. आमचं मालक सकाळी चा प्यायला म्हून गेल्यात, अजून पत्त्या न्हाय. पाटी मी उचलू का त्यास्नी हुडकू?" अशा बोलत सुटल्या की मी हरखून गेले. हीच माझी मुलाखत, यावरच मला मार्क, असं म्हणत कॉलेजात धावत आले, कानाला हेडफोन लावला आणि ऐकू लागले.

गोजरबाईंच्या पाठीमागं दोन पुरुषांचे आवाज होते. माइक खिडकीत, आणि ते दोघं खिडकीच्या आतल्या बाकावर बसलेले, त्यामुळे गोजरबाईंपेक्षा तेच जवळचे. एक आवाज अनोळखी, जाडा. दुसरा तुमचा.

हो मामा, तुमचा. मी आधी म्हटलं, छे, मामा अक्कलकोटात, ते कशाला येतील इथं. मग तुम्ही "अजून एक प्लेट आण रे, गरम बघून" असं म्हणालात आणि माझी खात्री पटली. टेप मागं नेली, पुढं नेली, परत मागं नेली. जाडा आवाज म्हणत होता, "पोरगी शिकलेली हाय म्हणता वीस वेळा. शिकलेल्या पोरी लई बोलत्यात, गुरुबसप्पा." त्यावर तुम्ही म्हणालात, "छे, छे! आमची दाक्षायणी? तोंडातनं शब्द काढत न्हाय हो. घरात हाय का न्हाय ते बी कळत न्हाय." आणि मामा, नेमकं त्याच क्षणी टेपवर माझा आवाज येतो, खणखणीत : काकू, आजची तरुण पिढी कुठे चालली आहे असं आपल्याला वाटतं?

जाडा आवाज म्हणतो, "ही कोण मगापासनं ओरडायलीय?"

तुम्ही म्हणता, "असंल कुणीतरी पुण्याची. आपल्यातल्या पोरी अशा रस्त्यात उभ्या राहत न्हाईत."

मग भजी चावल्याचा आवाज आहे. फार स्वच्छ आला आहे.

पुढं ऐकलं तेव्हा सगळं उलगडलं. जाडा आवाज म्हणजे सात रस्त्यावरचे बी-बियाण्यांचे व्यापारी वीरभद्रप्पा. त्यांचा धाकटा मुलगा निंगप्पा, त्याच्यासाठी मी. आप्पांचा होकार तुम्ही आधीच घेतलेला. कोर्स 'होतोय तोवर होऊ दे, पुढं बंदच की' हेही तुम्हीच सांगून मोकळे. माझं लग्न माझ्या पाठीमागं वीतभर अंतरावर ठरत होतं आणि मी सगळ्या सोलापूरला विचारत होते की तरुण पिढी कुठं चालली आहे.

मला काय वाटलं ते लिहीत नाही, कारण तुम्ही थोरले आहात. एवढंच सांगते की मी हेडफोन काढून कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारल्या. मग परत येऊन ब्लेड हातात घेतलं. तुम्हाला कापून टाकावं म्हटलं (टेपमधून, मामा!). पण तुमचा आवाज गोजरबाईंच्या आवाजाखाली असा बसलेला की एक कापला तर दुसरा जातो. तेवढ्यात सर आले, त्यांनी हेडफोन घेतला आणि त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, "पाठीमागचं हे फार जिवंत आलंय. कुणाचं तरी लग्न ठरतंय. बिचारी!" मी म्हटलं, हो, बिचारी. सर म्हणाले, "यावर पुढचं काम कर. लग्न ठरवताना मुलामुलींना विचारावं का, हा प्रश्न घेऊन जा." मी म्हटलं, कुणाकडं जायचं ते मला माहीत आहे.

मी काय ठरवलं होतं ते खरं सांगते. निंगप्पाला माइकपुढं बसवायचं, दोन-चार मूर्खपणाचे शब्द त्याच्या तोंडून काढायचे, कापून धारदार करायचे आणि आप्पांना नेऊन ऐकवायचे. स्थळ मोडलं.

दुकानात गेले तर बियाण्यांच्या पोत्यांमागं एक किडकिडीत माणूस, हाच निंगप्पा, सूर्यफुलाचं बी चाळत बसलेला. मी शुद्ध आवाजात सांगितलं, मी पत्रकारितेची विद्यार्थिनी, आपलं मत हवं आहे. त्यानं आधी मशीनकडे बघितलं. म्हणाला, "जड असंल की हे. खाली ठिवा, पोत्यावर ठिवा." मामा, इतके दिवस हिंडते आहे, माणसांनी विचारलं हे कितीला मिळतं, यात गाणी लागतात का, माझं नाव रेडिओवर येईल का. जड आहे का असं कुणी विचारलं नव्हतं. मला जरा राग आला. मूर्खपणाचे शब्द गोळा करायला आलेल्या माणसाशी असं वागायचं नसतं.

मी बटण दाबलं (लाल, दोनदा बघून). विचारलं, लग्न ठरवताना मुलामुलींचं मत विचारावं का?

तो बराच वेळ काही बोललाच नाही. टेप नुसती फिरते आहे, माझा जीव वर-खाली. मग म्हणाला, "मला कुणी विचारलं तर सांगीन."

मी म्हटलं, मी विचारते आहे.

तर मामा, तो बोलायला लागला आणि थांबेचना. म्हणाला, अव्वा, म्हणजे त्याची आई, होती तोवर आमच्या घरात आवाज होता. ती भाजीवाल्याशी भांडायची, मांजराशी बोलायची, आम्हा दोघा भावांना हाका मारायची. ती गेल्यावर घरात तराजूचा आवाज राहिला. "वडील कानडीत 'हौदु' म्हणत्यात, अण्णा 'इल्ला' म्हणतो, हो न्हायतर न्हाय, झालं आमचं बोलणं. जेवताना भाकरी मोडल्याली ऐकू येती." मग म्हणाला, "गेल्या हप्त्यात मंद्रूपचं एक स्थळ आलं. पोरगी शिकलेली. मला बरं वाटलं, म्हटलं शिकलेली हाय, बोलंल तरी. वडील म्हणले, न्हाय न्हाय, काळजी नको, मामानं शब्द दिलाय, पोरगी तोंडातनं शब्द काढत न्हाय. मग मी नको म्हणून सांगितलं. वडलास्नी पयल्यांदाच नको म्हटलं. चार दिवस झाले, बोलत न्हाईत. म्हंजे आदी बी बोलत नव्हतेच, पण आता राग हाय हे कळतंय."

माझ्या हातातला माइक गुडघ्यावर आला. सर नेहमी सांगतात, प्रश्न विचारून मुलाखत घेणाऱ्यानं गप्प बसावं. हे मला कधीच जमलं नव्हतं. त्या दिवशी जमलं. मी, दाक्षायणी सिद्धाप्पा, जिच्या बोलण्याला कंटाळून शाळेत जिला खिडकीजवळ एकटीला बसवत, ती मी बोलत नाही म्हणून नापसंत! मी नकार द्यायला आले होते मामा. जिन्यावरून उतरताना पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं.

आणि मग माझ्या तोंडून गेलं, "पर ती पोरगी बोलत न्हाय हे तुमी सोता कुटं ऐकलंय?"

सरांनी एवढं धुतलेलं सगळं एका वाक्यात बाहेर आलं. तो चाळणी खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. "तुमी मंद्रूपकडच्या का काय?" म्हणाला. तेवढ्यात टेप संपली आणि तिचं टोक फडफडायला लागलं. मी म्हटलं, टेप संपली, आणि मशीन उचलून निघाले. तो मागून म्हणाला, "पानी तरी प्या की." मी थांबले नाही. सात रस्त्याचे सातही रस्ते डोळ्यांपुढं होते आणि कॉलेजचा कुठला ते सापडेना.

तर मामा, माझं म्हणणं स्पष्ट आहे. यापुढं माझ्याबद्दल कुणालाही शब्द देऊ नका. मला कोर्स पुरा करायचा आहे. सर म्हणतात, पुण्याला एका संस्थेत रेकॉर्डिंग शिकायला जाता येईल. मला जायचं आहे. आप्पांना हे तुम्हीच सांगा, कारण ते तुमचं ऐकतात आणि माझ्या बोलण्याच्या मध्येच झोपतात. वीरभद्रप्पांकडचा नकार एव्हाना तुमच्याकडे पोहोचला असेल. त्याचं मला काडीचं दुःख नाही. उलट बरंच झालं. विषय संपला.

मामींना नमस्कार, लहानांना पापा.

आपली भाची,
दाक्षायणी

ता.क. भज्यांचं मामींना मी काही कळवलेलं नाही, कळवणारही नाही. मी पत्रकार आहे, चुगलखोर नाही. फक्त टेप जपून ठेवली आहे.

ता.क. परत वाचलं. 'विषय संपला' असं वर लिहिलं आहे, पण त्यात एक अडचण दिसते. नकार मी द्यायचा होता. त्यांनीच आधी दिला तर मी कशाला नकार द्यायचा? हे न्यायाचं नाही. तेव्हा तुम्ही एकदा सोलापूरला येऊन वीरभद्रप्पांच्या दुकानात जा, आणि या वेळी खरं सांगा : पोरगी बोलते, लई बोलते, रस्त्यात मशीन घेऊन उभी राहते, लग्न झालं तरी राहील, पुण्याला जाणार म्हणते. वीरभद्रप्पांना सांगू नका, धाकट्याला सांगा. तो पोत्यांमागं बसतो, लवकर दिसत नाही. एवढं ऐकून त्याचा होकार आला तर मला कळवा. मग नकाराचं मी बघते.

ता.क. सरांनी निंगप्पांची मुलाखत कापून आटोपशीर करून मागितली आहे. 'मला कुणी विचारलं तर सांगीन' याच्या आधीची ती शांतता आहे ना, तीच आधी काढ म्हणाले, तिथं काहीच नाही. मी ती कापली, टेप लावून ऐकली, आणि परत जोडली. मग पुन्हा कापली. आता ती पुन्हा जोडलेली आहे. टेप शनिवारी द्यायची आहे. शुक्रवारी सकाळी अक्कलकोटहून येणारी पहिली गाडी बऱ्यापैकी रिकामी असते, मी स्टँडवर विचारलं आहे.